बाजाच्या पोटातला लांडगा

त्या चर्चमधल्या बाजाबद्दल जे जे सांगितलं जायचं, त्यातलं निम्मं खोटं होतं आणि उरलेलं निम्मं कमी करून सांगितलेलं.

कागदोपत्री तो ऑर्गन. लोक मात्र बाजाच म्हणत. त्याला दोन हजार एकशे अकरा नळ्या. सगळ्यांत धाकटी पेन्सिलीएवढी, आणि सगळ्यांत थोरली एवढी, की एकदा एक रंगारी जेवणाच्या सुट्टीत तिच्यात आडवा झाला, त्याचा डोळा लागला, आणि दुसऱ्या दिवशीच्या उपासनेत पहिल्या स्तोत्राने त्याला थेट तिसऱ्या बाकावर फुंकून दिला. ती थोरली वाजली की समोरच्या दुकानातल्या दुधाच्या बाटल्यांत लोणी धरायचं. म्हणून तो दूधवाला रविवारी दूध विकतच नसे. वर घुमट असा, की एकदा आत गेलेला आवाज बाहेरची वाट विसरायचा. जुन्या पाळकांचं एक आमेन तीनतीनदा ऐकू येई, आणि पंच मंडळी म्हणत, बरं आहे, आपल्याला वेगळं म्हणायला नको.

आणि या बाजात लांडगा होता.

लांडगा म्हणजे केसाळ जनावर नव्हे. बारा सुरांचं एक फार जुनं दुखणं आहे. सुरांच्या जोड्या एकमेकींशी अगदी गोड लावत गेलं, की शेवटी थोडा बेसूर हातात उरतोच. गादीत कापूस भरताना तीन कोपरे दाबावेत आणि चौथा फुगावा, तसं. हा उरलेला बेसूर कुठेतरी ठेवावा लागतो. हा बाजा बांधणाऱ्या कारागिराने सोपी युक्ती केली. सगळा केर एकाच कोपऱ्यात लोटला. काळी चार आणि काळी दोन, या दोन पट्ट्यांच्या मधोमध. बाकी जोड्या मधासारख्या, पण या दोन पट्ट्या एकत्र दाबल्या की आतून असं विव्हळणं निघे की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवावेत. त्या विव्हळण्याला या धंद्यातले लोक लांडगा म्हणतात. एका लग्नात वादकाचं बोट चुकून तिकडे गेलं, तर नवरदेव उठून पळाला तो तीन गावं ओलांडून सापडला, आणि अजून बिनलग्नाचा आहे. तेव्हापासून त्या वाटेची गाणीच कुणी म्हणेना. पंचांच्या वार्षिक इतिवृत्तात ‘छप्पर गळते’ आणि ‘घंटेचा दोर विरला’ यांच्या खाली दरवर्षी एक ओळ असे: ‘लांडगा आहे तसा आहे.’

या बाजाचे सूर लावायचं काम चिमणीकडे होतं. तिच्या आधी ते तिच्या बाबांकडे होतं. चिमणी हे नाव त्यांनीच ठेवलेलं, कारण पाच वर्षांची असताना ती बाजाच्या तळाशी असलेल्या लहानशा दारातून भुर्रकन आत जायची आणि त्यांच्या हातातून पडलेले स्क्रू वेचून आणायची. आता बाबा नव्हते. दार तेवढंच राहिलं होतं, चिमणी मात्र सेहेचाळीस वर्षांची होऊन अंगाने चांगली भरली होती. आत जाताना आणि बाहेर येताना तिला छातीतला सगळा श्वास सोडावा लागे. श्वास धरला की अडकलीच.

बाजाचे सूर लावणं हे एकट्याचं काम नाही. एकाने आत नळ्यांच्या जंगलात बसायचं आणि एकाने बाहेर बसून पट्टी धरायची. आतला ‘पुढे’ म्हणेपर्यंत बाहेरच्याने बोट उचलायचं नाही. खाज येवो, शिंक येवो, पृथ्वी दुभंगो. कारण सूर मध्येच तुटला तर आतल्याने कानात धरून ठेवलेला सगळा हिशेब सांडतो. पट्टी धरायचं काम चाळीस वर्षं चिमणीच्या आईने केलं होतं, आधी नवऱ्यासाठी, मग लेकीसाठी. पट्टीवर शिशाचं वजन ठेवूनही भागतं, हे तिला कैक जणांनी सांगितलं. ती म्हणे, “भागतं. पण वजनाला कान नसतात.” एवढ्या वर्षांत आईचं बोट एकदाही सांगितल्याशिवाय उचललं गेलं नव्हतं. एकदा तर बाबा आत नळ्यांना टेकून झोपी गेले, आणि आई सव्वा तास काळी तीन धरून बसली. गल्लीतली कुत्री घर सोडून गेली, पण बोट उठलं नाही.

शिवाय एक नियम होता. काम सुरू असलं की चर्चच्या दाराला बाबांच्या हातची पाटी लागे: ‘सूर लागतो आहे. चपला-बूट बाहेर. खोकला गिळा.’ आत यायला बंदी नव्हती, आवाजाला होती.

यंदा लांडगा काढायचा असं ठरलं होतं. नव्या पाळकबाईंनी ठरवलं. त्यांना एक गाणं फार आवडे, आणि ते नेमकं त्याच वाटेने जाई. “काढता येतो का हो?” त्यांनी फोनवर विचारलं. चिमणी म्हणाली, “काढता नाही येत. वाटता येतो. एका कोपऱ्यातला केर बाराही सुरांनी चिमूट चिमूट उचलायचा. मग कुणीच अगदी मधासारखं गोड राहत नाही, पण विव्हळतही कुणी नाही.” पाळकबाई म्हणाल्या, “हे मला उपदेशात वापरता येईल.” चिमणी म्हणाली, “नका वापरू. बाजा पेटीसारखा नसतो, सहा दिवस लागतील.”

सोमवार ते शनिवार काम, आणि रविवारी त्या बाजावर पहिली उपासना. म्हणजे चिमणीला रविवारी चर्चमध्ये असणं भाग होतं. आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

अकरा वर्षं झाली, ती रविवारी या चर्चमध्ये आली नव्हती. त्याआधी ती आली होती ती आधीच्या पाळकांकडे, स्वतःच्या पायांनी, कारण पोटात मावेना. तिने सांगितलं, मला पुरुष नाही, बाईच आवडते, लहानपणापासून हे असंच आहे, आणि मी प्रार्थना करून करून गुडघे झिजवले तरी ते गेलेलं नाही. पाळकांनी आवाज चढवला नाही. पाणी दिलं. म्हणाले, “मंडळीत ये, बाक तुझाच आहे. फक्त प्रभुभोजनाला, टेबलाशी भाकर घ्यायला, पुढे येऊ नकोस.” मऊ बोलण्याने माणूस जास्त खोल कापला जातो. जेवायला बोलवावं आणि ताट मांडू नये, तसं ते झालं. चिमणी उठली ती पुन्हा रविवारी आलीच नाही. आईला तिने कारण सांगितलं नाही, कारणं सांगितली. पहिल्या वर्षी कांजिण्या झाल्या. दुसऱ्या वर्षीही कांजिण्याच झाल्या. पुढे रस्ते खचले, पूल वाहून गेले, एकदा तर वाटेत एका सर्कशीचा उंट आडवा बसला. आई प्रत्येक वेळी म्हणायची, “असू दे हो, तब्येत सांभाळ. उंटाचीही.”

देवाचं काय, तर सुरुवातीला चिमणीने त्याच्याशी बोलणं टाकलं. मग तो नाहीच असं ठरवून पाहिलं. पण जो नाहीच त्याच्यावर रोज सकाळी उठून एवढं रागावता येत नाही, हे तिच्या लक्षात आलं. मधल्या वर्षांत तिने ठिकठिकाणचे सातशे बाजे उघडले, आणि लांडगे बरेच पाहिले. एके दिवशी अशाच एका परक्या बाजाच्या पोटात बसली असताना तिने काळी चार एकटीच वाजवून घेतली. सूर स्वच्छ होता. मग काळी दोन एकटी. तीही स्वच्छ. लांडगा कुठल्याच सुरात नसतो. केर कुठे लोटायचा, हे कुणीतरी ठरवलेलं असतं, तिथे तो असतो. त्या दिवशी चिमणीने हातातलं हत्यार खाली ठेवलं आणि बऱ्याच वर्षांनी म्हणाली, “देवा, हे तू ठरवलंस की पंचांनी?” उत्तर आलं नाही. पण बोलणं पुन्हा सुरू झालं. तेव्हापासून तिची प्रार्थना म्हणजे नळ्यांमध्ये बसून कान देणं. मागणं फारसं नसे. एकच होतं, आणि ते ती पुरं उच्चारत नसे. तिला त्या टेबलाशी परत जायचं होतं.

आणि तिथे तिला एकटीला जायचं नव्हतं. कारण नऊ वर्षं तिच्या घरात बसवाली होती.

बसवाली सात नंबरची बस चालवायची. उंच, खांद्याने रुंद, आणि तिला बघून सिग्नल आपणहून हिरवे होत असं तिच्या डेपोत म्हणत. आईला चिमणीने सांगितलं होतं की घराची एक खोली भाड्याने दिली आहे. तेव्हापासून आई दर थंडीत लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड विणून पाठवी. एक चिमणीसाठी, एक “त्या तुझ्या भाडेकरूसाठी”. पहिल्याच वर्षी आईने फोनवर विचारलं होतं, “तिचा पाय केवढा आहे गं?” चिमणीने बसवालीला न विचारता, झोपेतून उठवलं तरी सांगता यावं तसं अचूक माप सांगितलं होतं. भाडेकरूच्या पायाचं माप कुठल्या घरमालकिणीला तोंडपाठ असतं, हा विचार तिला पुढची आठ वर्षं शिवला नाही.

कामावर निघायच्या आदल्या दिवशी बसवाली म्हणाली, “रविवारी मी रजा टाकलीय.”

“कशाला?”

“यायला. तुझ्या आईच्या शेजारी बसायला. पण भाडेकरू म्हणून नाही बसणार. तुला नाही सांगायचं, तर नको सांगूस. मी बाहेर बागेत पुस्तक वाचत बसेन. रागावणारही नाही.”

“खरंच नाही रागावणार?”

“नाही. पण तू ते मनाला लावून घेशील, आणि मग महिनाभर मलाच तुझी समजूत काढत बसावं लागेल. म्हणून म्हणते, सांगितलेलं बरं.”

म्हणजे रविवारच्या आत आईला सांगायचं होतं. सहा दिवस हातात. सोमवारी चिमणीने डबा उघडताना सुरुवात केली, “आई, ती भाडेकरू आहे ना,” आणि पुढे म्हणाली, “तिला मोजे आवडले.” मंगळवारी तिने सांगितलं की भाडेकरू बस फार छान चालवते. बुधवारी, भाडेकरूचं मन मोठं आहे. गुरुवारी आई म्हणाली, “एवढी चांगली भाडेकरू मिळायला नशीब लागतं.” चिमणीला ठसका लागला आणि ती आत पळाली. शुक्रवार असाच गेला. कामाचं मात्र भराभर होत होतं. एकेका नळीच्या तोंडाशी पत्र्याची बाही असते. ती वर सरकवली की सूर उतरतो, खाली ढकलली की चढतो. चिमणी केसभर इकडे, केसभर तिकडे करत होती आणि लांडगा रोज थोडा थोडा वाळत होता.

शनिवारी दुपारी राहिली फक्त तुतारी.

तुतारी म्हणजे नळ्यांची शेवटची रांग, पितळी जिभेची. तिला बाही नसते, तार असते, आणि तारेला लोखंडी पट्टीने टिचक्या मारून सूर लावायचा. ती इतकी मोठ्याने वाजे की तिच्यापुढे घंटा लाजून वाजायची थांबे. तुतारी सुरू असताना आतून ‘पुढे’ सांगायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. चिमणी एकेक नळी संपवत आली. शेवटी एकच उरली, काळी चारची. आणि तेव्हा तिच्या डोक्यात एक चलाख विचार आला. चलाख विचार माणसाला नेहमी शेवटच्या घटकेला येतात आणि म्हणूनच फसतात.

विचार असा: तुतारी वाजत असताना सांगून टाकायचं. मोठ्याने, खरं खरं, सगळं. आईला ऐकू जाणार नाही, पण आपण सांगितलेलं असेल. बसवालीला शपथेवर म्हणता येईल, सांगितलं. देवालाही म्हणता येईल. ऐकू आलं नाही, त्याला आपण काय करणार.

“काळी चार,” तिने आवाज दिला.

आईने पट्टी दाबली. तुतारी अशी दणाणली की चिमणीच्या दाढेतलं चांदीचं सारण हललं. तिने तारेला दोन टिचक्या मारल्या, डोळे मिटले, छातीत मावेल तेवढा श्वास भरला आणि सगळ्या ताकदीनिशी ओरडली, “आई, ती भाडेकरू नाही—”

आणि आईने बोट उचललं.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तुतारी मध्येच तुटली. पण चिमणी उतारावरून सुटलेल्या गाडीसारखी निघाली होती, तिला थांबता येईना. लख्ख शांततेत तिचा आवाज पुढे गेला, “—नऊ वर्षांचा संसार आहे आमचा, माझं प्रेम आहे तिच्यावर, आणि मला तिच्यासोबत प्रभुभोजनाला पुढे जायचंय.”

घुमटाने ते उचललं. आधीच सांगितलं, तिथे आवाजाला बाहेरची वाट सापडत नसे. ‘संसार आहे आमचा’ एक फेरी मारून आलं, मग ‘प्रेम आहे’, आणि सगळ्यांत शेवटी रमतगमत ‘पुढे जायचंय’. मग शांतता. आणि त्या शांततेत, बाहेर कुठेतरी, कुणाचा तरी गिळलेला खोकला परत वर आला.

तो आईचा नव्हता.

चिमणीला तेव्हा आठवलं की शनिवारी चारला गायकवृंदाचा सराव असतो. आणि पाटी लावलेली होती. आणि ही मंडळी इतकी नियमाची, की एकोणीस माणसं पायांतलं बाहेर काढून, खोकले गिळून, मांजराच्या पावलांनी आत येऊन बसली होती. बाबांच्या पाटीचा मान त्यांनी इतका राखला होता की बाबांच्या लेकीला त्यांचा पत्ताही लागला नव्हता.

“पुढे,” आई बाहेरून म्हणाली.

“आई, तू बोट उचललंस.”

“उचललं.”

“मी ‘पुढे’ म्हटलं नव्हतं.”

“ऐकू येत नव्हतं मला,” आई म्हणाली. “चाळीस वर्षं ती तुतारी या कानाशी. डावा कान गेलाय कधीचा. तू सोमवारपासून काहीतरी सांगायला बघतेयस आणि शेवटी सांगतेस ते अशा वेळी. मला ‘भाडेकरू’ तेवढं कळलं, पुढचं गेलं असतं वाऱ्यावर. मग काय, आणखी नऊ वर्षं मोजे विणू?”

“बाहेर कोण कोण आहे?”

“सगळे आहेत. ये बाहेर.”

“मी येत नाही.”

“बरं, नको येऊस. वरून डबा सोडत जाईन.”

चिमणीला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकाच वाटेने आल्यामुळे तिथे खोळंबा झाला. ती दाराशी सरकली, पाय बाहेर काढले, कमरेपर्यंत आली आणि अडकली. अर्धी चिमणी मंडळीसमोर, अर्धी बाजाच्या पोटात. मघाशी भरलेला श्वास तसाच होता. ओरडताना खर्च झाला असेल असं तिला वाटलं होतं, पण नाही. हा श्वास जुना होता. अकरा वर्षांचा असेल.

कुणीतरी दोन बोटं तिच्या घोट्यावर ठेवली. पट्टी धरायची सवय असलेली बोटं, हलकी आणि पक्की.

“श्वास सोड, चिमणे,” आई म्हणाली. “पाच वर्षांची होतीस तेव्हापासून सांगतेय. श्वास सोडल्याशिवाय त्या दारातून कुणी बाहेर आलेलं नाही.”

चिमणीने श्वास सोडला. तो सोडता सोडता संपेना. त्या श्वासाने म्हणे पहिल्या दोन बाकांवरच्या गीतपुस्तकांची पानं उलटली. मग ती घसरत बाहेर आली, धुळीने माखलेली, केसांत एक स्क्रू अडकलेला. समोर एकोणीस अनवाणी माणसं.

वरच्या सुरात गाणाऱ्या काकू उठल्या, दाराशी गेल्या, आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा बेताने बूट घालू लागल्या. काकू वळून म्हणाल्या, “मी रागाने जात नाहीये. मला घरी जाऊन विचार करायचाय, आणि मला अनवाणी विचार करता येत नाही.” आणि गेल्या.

मग खर्जात गाणारे आजोबा, ज्यांचा आवाज थोरल्या नळीच्या खालून सुरू होई, ते घसा साफ करून म्हणाले, “त्या सुराचं काय झालं?”

“कुठल्या?” चिमणीने विचारलं.

“काळी चार. लागला की अर्धवट राहिला?”

“अर्धवट राहिला.”

“मग तो आधी लाव. संसार तुझा नऊ वर्षांचा आहे, तो कुठे जात नाही. उद्या सकाळी आम्हाला गायचंय.”

आईने हात तोंडावर धरला. दुसऱ्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग हसणं बाकाबाकावरून पसरत गेलं, घुमटाने तेही उचललं, आणि थोडा वेळ असं वाटलं की साठसत्तर माणसं हसताहेत. चिमणीला आईचा राग यायला हवा होता. तिने मनात सगळीकडे शोधला. सापडला नाही. जिथे तो असायला हवा होता तिथे नुसती ऐसपैस जागा होती, सामान हलवल्यानंतरच्या खोलीसारखी.

पाळकबाई गायकवृंदातच मधल्या सुरात गात. त्या हातात स्वतःच्या चपला घेऊन पुढे आल्या. चिमणी आपणहून म्हणाली, “बाई, तुम्हाला अडचणीत नाही आणायचं मला. पंच काय म्हणतील?”

“माहीत नाही,” पाळकबाई म्हणाल्या. “सातातले चार पंच इथेच आहेत. मोजून घ्या. बहुमत आहे, फक्त पायांत काही नाही.”

चौघा पंचांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. घंटावाले काका, जे पंचांत थोरले, हळूच म्हणाले, “मी अजून हो म्हटलेलं नाही.”

“नाहीही म्हटलेलं नाही,” आई म्हणाली.

“नाही,” काका म्हणाले, आणि आपण नेमकं काय म्हटलं ते बराच वेळ स्वतःशी तपासत राहिले.

“भाकर मी देते,” पाळकबाई म्हणाल्या. “जो हात पुढे येईल, त्याला देते. पंचांनी जाब विचारला तर मी देईन तो. आधीच्या पाळकांनी तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक आहे, त्यांनी जाताना मला सांगितलं. त्यांना ते नीट झोपू देत नाही, असंही म्हणाले.”

हे चिमणीला अगदी नवीन होतं. तिने ते बाजूला ठेवलं, नंतर बघायला.

मग ती पुन्हा आत गेली, या वेळी श्वास न धरता. आईने काळी चार दाबली. तुतारी दणाणली. तीन टिचक्या, अर्धी टिचकी, आणि दोन सुरांमधली थरथर मंद होत होत, झोपाळा थांबावा तशी हवी तिथे आली. “पुढे,” चिमणी ओरडली. आईने बोट उचललं, सांगितल्यावर.

मग वादक मास्तर बाकड्यावर बसले. त्यांनी काळी चारवर एक बोट ठेवलं, काळी दोनवर दुसरं, आणि मागे वळून पाहिलं. अठरा माणसांनी सवयीने कानांत बोटं घातली. मास्तरांनी दोन्ही पट्ट्या दाबल्या.

काहीच झालं नाही. म्हणजे सूर आले. दोन साधे सूर, शेजारी शेजारी. लोकांनी एकेक बोट कानातून काढलं.

“गेला,” आजोबा म्हणाले. “साठ वर्षं भीत होतो त्याला. सवय झाली होती.” मग डोकं तिरकं करून ऐकत म्हणाले, “पण बाकी सगळं किंचित, अगदी किंचित, वेगळं नाही का वाटत? पूर्वीइतकं गोड नाही.”

“तुमच्याही वाट्याला चिमूटभर आलाय आता,” आई म्हणाली. “होईल सवय.”

संध्याकाळी चिमणीने बसवालीला फोन केला. बसवालीने सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी एकच विचारलं, “तुझी आई जिथे बसते, तिथे समोर तो वादकाचा आरसा आहे ना? मागचं चर्च दिसायला लावलेला? मग ती माणसं आत आलेली तिला दिसली नाहीत?”

चिमणीने फोन हातात धरूनच आईला विचारलं.

“चष्मा पर्समध्ये होता,” आई म्हणाली.

चष्मा तिच्या नाकावर होता. दिवसभर तिथेच होता.

रविवारी त्या दोघी जरा उशिरा पोहोचल्या, कारण बसवालीने सवयीप्रमाणे प्रत्येक थांब्यावर गाडी हळू केली. पायांत तिने आईने विणलेले मोजे घातले होते, वर शाळेच्या पहिल्या दिवसासारखा भांग. सात नंबरची बस अरुंद बोळातून उलटी काढणारी बाई, पण चर्चच्या दारात तिने चिमणीला आधी पुढे केलं. दाराशी घंटावाले काका गीतपुस्तकं वाटत उभे होते. त्यांनी चिमणीला एक दिलं. बसवालीकडे पाहिलं, पुस्तकांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि थोडं थांबून तिलाही एक दिलं. पान आधीच उघडून.

गायकवृंदात वरच्या सुराच्या काकूंची जागा रिकामी होती. ती त्या दिवशी रिकामीच राहिली.

आई नेहमीच्या बाकावर होती. तिघांचा बाक. कडेला ती, तिच्या शेजारी तिची पर्स, पर्सच्या शेजारी तिची छत्री. बाहेर ढगाचा तुकडा नव्हता.

“ही छत्री इथे कशाला?” चिमणीने कुजबुजत विचारलं.

“जागा धरायला,” आई म्हणाली. “पर्स अकरा वर्षांपासून आहे. छत्री नऊ.” तिने छत्री उचलून खाली ठेवली, पर्स मांडीवर घेतली, आणि बसवालीला आपल्या शेजारी ओढलं. तिच्या पायांकडे वाकून पाहिलं. “टाचेत सैल झालेत का?”

“नाही आई, अगदी बरोबर आहेत.”

आपण ‘आई’ म्हटल्याचं बसवालीच्या नंतर लक्षात आलं. आईच्या आधीच आलं होतं, पण ती गीतपुस्तक चाळत होती.

पाळकबाईंचं गाणं झालं. जुन्या वाटेने, काळी चारवरून काळी दोनवर, आणि वाटेत कुणी गुरगुरलं नाही. थोरली नळी वाजली तेव्हा समोरच्या दुकानात काय झालं असेल ते झालं असेल. मग टेबलावरचा पांढरा कपडा बाजूला झाला, भाकर मोडली गेली, आणि बाकामागून बाक उठू लागले. चिमणी पुढच्या बाकाच्या पाठीला धरून बसली होती.

“चल,” आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. “आपला बाक आला.”

चिमणीने श्वास सोडला आणि उठली.